तीन मिलिमीटरची दुरुस्ती

९ जानेवारी

दादा,

तुझा पत्ता आईकडून घेतला. "कशाला हवाय?" असं तिने विचारलं नाही. कपाटातली वही काढली, कागदावर उतरवून दिला आणि पुन्हा भांडी पुसायला लागली. म्हणजे मी कधीतरी पत्ता मागेन म्हणून ती केव्हापासून वाट बघत असणार.

फोनवर बोलता आलं असतं, हे मलाही कळतं. दर रविवारी तू आईशी अर्धा तास बोलतोस. मग ती "यांना देते हं" म्हणते. मी "काय, बरं आहे ना?" विचारतो, तू "हो, बरं आहे" म्हणतोस आणि फोन परत तिच्याकडे जातो. तुला घर सोडून सतरा वर्षं झाली, एवढ्या वर्षांत या संवादात एका शब्दाची भर पडलेली नाही. तपासणी खात्यात जन्म घालवलेल्या माणसाला एरवी असं सातत्य आवडतं. हे आवडत नाही.

नोव्हेंबरात निवृत्त झालो. चौतीस वर्षं पंपांचे सुटे भाग तपासले: हा पास, हा नापास, हा घासून पुन्हा आण. पोरं पाठीमागे मला मायक्रॉन म्हणायची. निरोपाच्या दिवशी एकाच्या तोंडून चुकून "मायक्रॉनसाहेब" निघून गेलं आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी हसलो. त्याने ते आणखीच घाबरले असावेत.

तर त्या पोरांनी मला भेट म्हणून एक खोकं दिलं. जोडायचा प्लास्टिकचा टँक. "साहेब, आता यात चुका काढत बसा," असं म्हणाले. खऱ्याच्या पस्तीस पट लहान, भाग चारशे बारा. चाकांवरच्या पट्ट्याची एकेक कडी सुटी येते, ती साखळीसारखी ओवायची. दोन्ही पट्ट्यांच्या मिळून एकशे ब्याण्णव कड्या. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग मी बळकावला आहे आणि उरलेल्या अर्ध्यावर आम्ही दोघं कोपर चिकटवून जेवतो.

आई म्हणाली की अठरा मार्चला तू बोटीवर चढतोस, आताच्यासारखंच तिथल्या क्रेनवर काम आहे आणि दोन वर्षं परतायचं नाही. चांगलं आहे. तोवर माझा टँक जोडून होईल असा अंदाज आहे.

उत्तर पाठवलंच पाहिजे असं काही नाही.

तुझे
बाबा

ता.क. तुझी बहीण तुला दादा म्हणायला लागली आणि तिच्या मागोमाग आख्खं घर, त्यात मीही. एवढ्या वर्षांनी कागदावर दुसरं काही लिहिता येईना, म्हणून दादाच लिहिलं.

१७ जानेवारी

दादा,

आधी मागच्या पत्रातली दुरुस्ती. कारखान्यातल्या पोरांनी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते स्वयंपाकघरात लावलं आहे आणि रोज दोन मिनिटं मागे पडतं. टँक मी स्वतः विकत आणला. तीन दुकानं पालथी घातली. चौथ्या दुकानदाराने माळ्यावरून खोकं काढलं, फुंकर मारली आणि म्हणाला, "काका, विचार करून घ्या. हा सेट नेणारं गिऱ्हाईक पुन्हा तोंड दाखवत नाही."

आणि हा कुठलाही टँक नाही. तू पंधरा वर्षांचा असताना स्पर्धेसाठी जोडला होतास तोच आहे, त्याच कंपनीचा आणि त्याच साच्यातला. खोक्यावरचं चित्र तेवढं बदललं आहे. पत्र लिहायला बसलो तेव्हा हे लिहायचंच होतं, पण पेन भेटीच्या गोष्टीकडे वळलं. असं होतं माझं.

सेट भिकार आहे. तेव्हा तू रोज संध्याकाळी या टेबलाशी नाक लावून बसायचास आणि मी पेपरआडून म्हणायचो, "लक्ष देऊन केलं की सगळं बसतं." आता सांगतो, लक्ष देऊन काही बसत नाही. भागांच्या कडांना प्लास्टिकच्या पातळ झालरी आहेत, त्या पात्याने खरवडाव्या लागतात. तोफेची नळी दोन अर्धुकांत येते आणि जुळवली की मधोमध शिवण दिसते. टँकचं धड तर एका टोकाला पापडासारखं वर आलेलं. काचेवर ठेवलं तर एका कोपऱ्याखालून पोस्टकार्ड जाईल एवढी फट. माझ्या खात्यात हे आलं असतं तर आणणाऱ्याला मी जिना उतरेपर्यंत ऐकवलं असतं.

उपाय शोधला. गरम पाण्यात बुडवून नरम करायचं आणि सपाट काचेवर वजन ठेवून थंड होऊ द्यायचं. तीनदा केलं. चौथ्यांदा पातेलं गॅसवर ठेवताना आई आली.

"अहो, ते दुधाचं पातेलं आहे."

"धुऊन ठेवीन."

"रणगाडा उकळलेल्या पातेल्यातलं दूध तुम्हीच प्या मग."

धड आता सुतात आलं आहे. पातेलं मात्र आईने घरातून बाद केलं, त्यात मी ब्रश धुतो.

तू हे सगळं कुणाला न विचारता केलं होतंस. धड तेव्हाही वाकडं आलं असणार, आणि तू ते कसं सरळ केलंस हे मी कधी विचारलं नाही. आज विचारावंसं वाटतंय.

बाबा

२८ जानेवारी

दादा,

सोळा कड्या ओवल्या की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मग उठतो, खिडकीशी उभा राहतो, समोरच्या इमारतीतली बाई कपडे वाळत घालते ते बघतो आणि परत बसतो. आई म्हणते, इतकं मन लावून तुम्ही माझ्याकडे कधी बघितलं नाहीत. मी म्हटलं, तुझ्यात चूक सापडली नाही ना. खूश झाली. थोडी.

पण आज कड्यांबद्दल लिहायचं नाही. आज एका ठिकाणी घोडं अडलं आहे.

या टँकच्या पोटात, तळाशी, आडव्या पोलादी कांड्या असतात. तुला हे माहीत आहे, मी माझ्यासाठी लिहितो आहे. प्रत्येक चाकाला एक कांडी. तिचं एक टोक चाकाच्या दांड्यात आणि दुसरं टोक पलीकडच्या भिंतीत पक्कं. खड्डा आला की चाक वर उचललं जातं, कांडी पीळ खाते आणि पुन्हा सरळ होते. स्प्रिंगचं काम कांडी करते. साधी आणि फार हुशार रचना आहे, मला आवडली.

सेटमध्ये तळावर या कांड्या उमटवलेल्या आहेत. मी त्यांच्यावर रंगाचा हात फिरवत होतो आणि ब्रश थांबला. डाव्या चाकाची कांडी उजव्या भिंतीपर्यंत जाते. उजव्या चाकाची डाव्या भिंतीपर्यंत. दोन कांड्या एकाच जागेतून कशा जातील? त्या शेजारी शेजारीच असायला हव्यात, आणि तळावर तशाच आहेत, जोडीजोडीने. मग त्यांच्या टोकांची चाकं समोरासमोर कशी येतील? एका बाजूची सगळी चाकं दुसऱ्या बाजूपेक्षा थोडी पुढे असणार. त्याला इलाजच नाही.

पण सेटच्या भिंतींमध्ये चाकांची भोकं अगदी समोरासमोर आहेत. तळ एकाने काढला, भिंती दुसऱ्याने काढल्या आणि दोघांची कधी गाठ पडली नाही.

म्हणजे चूक सेटची आहे.

तासभर मी तसाच बसून होतो. आई दोनदा विचारून गेली, "काय झालं? बोट कापलं का?" मी म्हटलं, कापलं. तिने येऊन दहाही बोटं तपासली आणि काही न सापडल्याने जास्तच काळजीत पडली.

बाबा

३ फेब्रुवारी

दादा,

डोक्यात आलेलं बरोबर असेलच असं नाही. मापाशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही, स्वतःवर तर नाहीच. म्हणून आज सकाळी जुन्या छावणीच्या फाटकाबाहेर जो खरा टँक चौथऱ्यावर ठेवला आहे, तो मोजायला गेलो. तू शाळेतून सायकलवर तिथे जायचास आणि उशिरा आलास म्हणून मी ओरडायचो. तिथे तू काय करत होतास ते आता कळलं.

टेप काढून पोटावर आडवा झालो तोच पहारेकरी आला.

"ओ काका, काय चाललंय?"

"चाकं मोजतोय."

"का? कमी भरली का?"

"पुढेमागे आहेत का ते बघतोय."

त्याने वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "सहा वर्षं इथे उभा आहे, मला काही दिसलं नाही."

"दिसत नाही. मोजल्यावर कळतं. हे टोक धरता?"

बिचाऱ्याने धरलं. नंतर त्यालाच रंग चढला, मला म्हणाला "थांबा, नीट धरतो, केसभर सरकलं होतं." माझ्या खात्यात असता तर मोठा झाला असता. दोन्ही बाजूंना टँकच्या नाकाच्या कडेपासून पहिल्या चाकाच्या मधोमधपर्यंत मापं घेतली, तीन तीनदा. मग टँकच्या तोंडासमोर फतकल मारून वहीत लिहून काढलं: डावीकडची चाकं पुढे, उजवीकडची मागे, फरक साडेदहा सेंटीमीटर. पस्तिसाने भागलं की बरोब्बर तीन मिलिमीटर.

तीन मिलिमीटर, दादा. हा आकडा मी आधी एकदा मोजला आहे.

उठताना गुडघ्यांनी असहकार पुकारला. पहारेकऱ्याने हाताला धरून उभं केलं आणि विचारलं, "आलं का तुमचं माप बरोबर?"

"माझं नाही. मुलाचं आलं," मी म्हटलं. आणि रुमालाने टेप पुसत बसलो.

यापुढचं आज लिहिणार होतो. जमत नाही. एवढं पाकिटात घालतो, नाहीतर हेही राहील.

बाबा

११ फेब्रुवारी

दादा,

आठ तारखेला फोनवर तू "बरं आहे" म्हणण्याआधी थांबलास. घड्याळ बघितलं नाही, पण दोन सेकंद तरी असतील. मागची पत्रं पोचली, एवढं कळलं.

आता सगळं ओळीने लिहितो, कारण वाट वाकडी केली की मी भेटीच्या गोष्टी सांगायला लागतो.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी माझी दुसरी पाळी होती. तू शाळेत, तुझी बहीणही, आई बाजारात. टँक टेबलावर तयार होता. मी उचलून बघितला. वाईट वाटून घेऊ नकोस, पण मी तो कौतुकाने उचलला नव्हता. मी वस्तू उचलतो ती चूक शोधायलाच. पोलादी पट्टी आडवी लावली तर डावी आणि उजवी चाकं जुळेनात. सगळीकडे तीन मिलिमीटरचा फरक. उलटा करून बघितलं तर भिंतीतली मूळ भोकं पुट्टीने बुजवलेली आणि शेजारी नवी पाडलेली. आमच्या खात्यात याला एकच अर्थ असतो: पोराचं चुकलं आणि त्याने ते झाकलं. चूक मी माफ करू शकतो. झाकलेलं काम बघितलं की माझं डोकं फिरतं.

मग मी ते दुरुस्त केलं. बारीक करवतीने चाकांचे दांडे कापले, तुझी भोकं बुजवली, मूळची उघडली, दांडे परत चिकटवले, घासलं, रंगवलं. तीन तास लागले. काम इतकं सफाईदार झालं की मला माझाच अभिमान वाटला. तुला सांगितलं असतं तर तू हिरमुसला असतास म्हणून सांगायचं नाही असं ठरवलं. खोक्यात घालून, दोरी बांधून, तयार ठेवून मी कामावर गेलो. आई म्हणाली होती ते आठवतं? "बघ, बाबांनी स्वतः बांधून ठेवलंय, एवढं मनावर घेतलंय त्यांनी."

तुला एकदा विचारायला हवं होतं. ही भोकं का बदललीस? एवढाच प्रश्न. तू मला कांड्यांचं सगळं सांगितलं असतंस. चौतीस वर्षं मी कामगारांना "असं का केलंस?" हे विचारल्याशिवाय कधी शेरा लिहिला नाही. घरात मात्र मला विचारायची गरज वाटली नाही.

आता सभागृहातलं. परीक्षक लष्करातले निवृत्त टँक-मेकॅनिक होते, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी तुझा टँक उचलला आणि म्हणाले, "सुरेख आहे. पण चाकं समोरासमोर लावलीस. सगळे तेच करतात, सेटमध्ये तशीच आहेत. मला वाटलं होतं, तू तरी खरा टँक बघितला असशील." तू म्हणालास, "मी पुढेमागे लावली होती." त्यांनी टँक तुझ्या हातात दिला. तू तो उलटा केलास. तुझं तोंड उतरत गेलं ते मला अजून दिसतं. मग तू वर बघितलंस, सरळ माझ्याकडे, आणि म्हणालास, "बाबा, तुम्ही बदललीत?"

माझ्या शेजारी आमचे मॅनेजर उभे होते. त्यांच्या मुलीचं विमान होतं स्पर्धेत. मला मुख्य तपासनीस करून पुरता महिना झाला नव्हता. पण त्यांच्यावर खापर फोडत नाही. ते नसते तरी मी तेच बोललो असतो, कारण त्या क्षणापर्यंत मी कधी चुकलो नव्हतो. निदान कुणासमोर तरी नाही.

मी म्हणालो, "नाही रे. तुझं तूच जोडलंस ना?"

परीक्षक तुला हळूच म्हणाले, "बाळ, चुकलं तर चुकलं. दुसऱ्यावर ढकलू नये." वीस-पंचवीस माणसं होती. कुणीतरी हसलं.

हे सगळं तुला माहीत आहे. मी लिहितो आहे कारण मी हे कधी कबूल केलेलं नाही. मीच बदलली होती. तू खरं बोललास आणि मी सगळ्यांदेखत खोटं बोललो. आणि आता कळतंय की तुझी चाकंही बरोबर होती. म्हणजे मी बरोबर काम बिघडवलं आणि बरोबर माणसाला खोटं पाडलं. एका दिवसात दोन. माझी लाज वाटते.

घरी आल्यावर काय झालं ते वेगळ्या पत्रात लिहितो. ते त्याहून वाईट आहे.

बाबा

२० फेब्रुवारी

दादा,

पंधराला तुझा फोन आला तेव्हा अकराचं पत्र पोचलं नव्हतं, आवाजावरून कळलं. मी "काय, बरं आहे ना?" म्हटलं. आणि फोन आईकडे परत दिला.

सोळाला सकाळी आईला सांगितलं. तुला पत्रातून सांगणं सोपं होतं, मध्ये शेकडो मैल आहेत. ती ओट्यापाशी, मी टेबलापाशी, मध्ये चार पावलं. टँकची चाकं कापून परत बसवायची होती. करवत हातात होती, आणि ती चालवता चालवताच सांगितलं. नजर वर करायला लागू नये म्हणून.

तिने गॅस बंद केला. ओट्याला पाठ टेकून उभी राहिली.

"मी त्याचा कान धरून तुमच्यासमोर आणला होता," ती म्हणाली.

"हो."

"म्हटलं, चारचौघांत बापावर आळ घेतोस? माफी माग. तो नाही म्हणत होता. दोन दिवस जेवला नाही नीट. मी त्याला म्हटलं, तुझे बाबा कधी खोटं बोलणार नाहीत, तूच विसरला असशील."

"हो."

"आणि तुम्ही खुर्चीत बसला होता. त्याने माफी मागितली तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

आठवतं. मी म्हणालो होतो, "ठीक आहे, पुन्हा असं करू नकोस."

"एकवीस वर्षं मला वाटतंय की माझा मुलगा खोटं बोलला," ती म्हणाली. "लहान होता, घाबरला असेल, म्हणून मी मनातल्या मनात त्याला माफ करून टाकलं होतं. कशाबद्दल हो? तुम्ही त्या रात्री सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी चाकं परत लावून झाली असती."

त्यानंतर तिने फक्त स्वतःपुरता चहा केला. गेले चार दिवस असंच आहे. जेवायला वाढते, पण "मीठ हवं का?" एवढंही विचारत नाही. मी तक्रार करत नाही. तुला विचित्र वाटेल असं सांगतो, माझं एक ओझं उतरलं आहे आणि ते तिच्या अंगावर गेलं आहे. हे मी आधी मोजलं नव्हतं.

तू टूलरूमचा कोर्स अर्धवट सोडून गेलास तेव्हा आम्ही सगळे म्हणालो की अभ्यास झेपला नाही. मीही तेच धरून बसलो, ते सोयीचं होतं. ज्या घरात खरं बोलून माफी मागावी लागते तिथे कोण राहील?

आता जे लिहायचं म्हणून जानेवारीपासून कागद नासतो आहे ते लिहितो. त्या दिवशी तू माझी माफी मागितलीस आणि मी ती ठेवून घेतली. ती माझी नव्हती. एकदा घेतलेली माफी परत कशी करतात याची पद्धत मला माहीत नव्हती, आणि जितके दिवस गेले तितकं ते अवघड होत गेलं. ती मी आज परत करतो. आणि माझी मागतो. तू स्वीकारावीस असं लिहिणार होतो, पण ते तुझं काम आहे, मी त्यात शिरत नाही.

अठराच्या आधी तुला एकदा बघायचं आहे. मी तिकडे येऊ का? तू नको म्हणालास तर येणार नाही.

बाबा

(खाली आईच्या अक्षरात:)

दादा, यांनी पत्र टेबलावर उघडं ठेवलं म्हणून वाचलं. तुझा कान मी धरला होता, तो माझा हात होता. चुकले रे राजा. फोन कर. नाही केलास तरी मी समजेन, पण कर.

२ मार्च

दादा,

दोन रविवार फोन आला नाही. आई दोन्ही दिवस फोनजवळ खुर्ची ओढून, भाजी निवडायच्या नावाने बसून होती. काल एवढ्या शेंगा सोलल्या की आता आठवडाभर तेच खायचं आहे. माझ्याशी मात्र बोलायला लागली. आधी घड्याळ मागे पडतं त्यावरून रागावली, मग घड्याळ दुरुस्त करत नाही म्हणून रागावली. मला बरं वाटलं.

टँक झाला. वहीतल्या मापाप्रमाणे दांडे हलवले. सेटच्या कागदावर जी डावी बाजू म्हणून छापली आहे ती तीन मिलिमीटर पुढे आणि उजवी होती तिथेच. जुनी भोकं बुजवली, पण घासली नाहीत. पुट्टी दिसते तशी राहू दिली आहे. रंगही त्या पुट्टीवर दिला नाही. कुणी विचारलं तर सांगता येईल, इथे बदल केला आहे आणि तो का केला आहे.

आईने बराच वेळ बघितला. "हे असं तिरपागडं त्याने पंधराव्या वर्षी शोधून काढलं?" म्हणाली. मी म्हटलं, हो, आणि मला एकसष्टाव्या वर्षी कळलं, तेही उकळलेलं धड हातात धरून. मग ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तू यावंस किंवा मी यावं, याबद्दल मी पुन्हा विचारणार नाही. एकदा विचारलं आहे. अठराला तुझी बोट सुटेल तेव्हा मी इथे टेबलाशी असेन. तिथे वर केबिनमध्ये वारा फार लागत असेल तर कानाला काहीतरी बांधत जा. तुझे कान लहानपणापासून हळवे आहेत.

बाबा

६ मार्च

बाबा,

सगळी पत्रं मिळाली. दोन रविवार फोन उचलून ठेवला. आईला सांगा, रागाने नाही, काय बोलायचं ते सुचत नव्हतं म्हणून. माझा कान बरा आहे असंही सांगा.

अकरा तारखेचं पत्र मी वर केबिनमध्ये बसून, क्रेन बंद ठेवून वाचलं. खालून मुकादम ओरडत होता. मी त्याला म्हटलं, थांब जरा. चार वेळा वाचलं. मी खरंच पुढेमागे लावली होती की नाही, याची मधल्या काही वर्षांत माझी मलाच खात्री राहिली नव्हती. वाटायचं, आई म्हणते तसं मीच विसरलो असेन. आता तसं वाटणार नाही.

धड मी इस्त्रीने सरळ केलं होतं. आईची. तिला अजून सांगू नका.

आता चाकांचं. तुम्ही टँकच्या तोंडासमोर बसून डावं-उजवं लिहिलंत. टँकची डावी बाजू म्हणजे आत बसलेल्या ड्रायव्हरची डावी, क्रेनचं पण असंच असतं. तुमच्या डाव्या हाताला होती ती टँकची उजवी बाजू. माप बरोबर आहे, बाजू उलटी झाली. उजवीकडची पुढे हवीत, तुम्ही डावीकडची केलीत.

चौदाला, शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. तीन दिवस राहीन. माझी करवत घेऊन येतोय.

मी येईपर्यंत त्याला हात लावू नका.

दादा